भिंतीकडची जागा

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम सलाम.

शाल पोचली. फार मऊ आहे. माझी बोटं सुईने खरखरीत झालीत, हात लावला की धागे अडकतात, म्हणून घडी करून पेटीत ठेवली. रागावू नका.

तुमचा भाऊ जाऊन वर्ष झालं. दिवस कसे जातात म्हणून तुम्ही विचारलंत. जात नाहीत, ढकलावे लागतात. सकाळी शिंपी शर्टांचा गठ्ठा पाठवतो, मी काजं करते, बटणं लावते, संध्याकाळी गठ्ठा परत जातो. मधल्या वेळात भिंतीपलीकडून तोफ धडाडत असते. तोफ म्हणजे शेजारची धुणंवाली, तुम्हाला आठवत असेल. तुमच्या भावाच्या खोकल्यावरून ती भिंत बडवायची. "मेल्या, खोकायचं तर एकदाच खोकून घे, हप्त्याहप्त्याने काय खोकतोस!" आणि हा खोकत खोकत हसायचा. आता खोकणारं कुणी नाही, तर माझ्यावर ओरडते. "जिवंत आहेस का गं? एखादं भांडं तरी आपट!"

रविवारी उपासना सुटली की कबरस्तानात जाते. भिंतीकडची ओळ. आधी तुमची आई, मग तुमचा भाऊ, मग मोकळी जागा. ती माझी. मी तिथेच गवतावर बसते. तिथलं सगळं कुंपण तुमच्या भावाने रंगवलं, कमिटीकडे मजुरीला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी दोन जागा लिहून दिल्या. तेव्हा सगळे हसले. तुम्हीही म्हणाला होतात, "लोक मजुरीत पैसे आणतात, आमच्या दादाने खड्डे आणले." मीसुद्धा दोन दिवस अबोला धरला होता. आता वाटतं, जन्मात त्याने एवढा एकच शहाणा व्यवहार केला.

वन्सं, मला आता कशाची आस नाही. प्रार्थनेला बसते तर शब्द छताला लागून परत खाली पडतात. पण शेवटी त्याच्या शेजारी निजायचं आहे, एवढं एक पक्कं आहे. त्याच्या जोरावर मी सकाळी उठते.

तुमची
वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

सलाम. शाल तुला पाठवली होती, पेटीला थंडी वाजत नाही.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. डोळे फोडून काजं करतेस, आणि ज्या गवतावर बसतेस त्याचा भाव तुला माहीत नाही. यांनी चौकशी केली. तुमच्या कबरस्तानात आता नवीन जागा निघत नाही. ज्याच्या नावावर आहे त्याने सोडली, तरच कमिटी दुसऱ्याच्या नावावर करून देते. आमच्या ओळखीचं एक घर आहे. माणसं चांगली आहेत. त्यांना नेमकी त्याच ओळीतली जागा हवी आहे. ते देतील ती रक्कम ऐकली तर शिंपी उठून तुला आपली खुर्ची देईल.

आमच्या इकडच्या दोन जागा यांनी गेल्या वर्षीच विकून टाकल्या. भाव चढला होता. मी जरा कुरकुरले, तर म्हणाले, "तुला मरायची घाई आहे का? भाव पडला की परत घेऊ." बरोबरच आहे. जमिनीच्या धंद्यात मन गुंतवलं की पैसा गुंतून पडतो.

आणि मेल्यावर माणसाला काय कळतं, उजवीकडे कोण नि डावीकडे कोण?

नव्या घराच्या वरच्या मजल्यावर अजून कुणी राहत नाही. दुपारी मी एकेका खोलीत जाऊन खिडक्या उघडते आणि संध्याकाळी लावते. तेवढाच व्यायाम. हल्ली जिन्यात दम लागतो. डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे. काळजीसारखं काही नाही.

विचार कर आणि लवकर कळव.

तुझी
नणंद


२८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम सलाम. तुमच्या रक्ताचं काय झालं ते आधी लिहा. जिना चढू नका. खिडक्या उघडायला कुणाला तरी ठेवा.

जागा मी देणार नाही. पैसा वाईट, असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे नाही त्याला तो वाईट म्हणायची ऐपतच नसते. खोलीचं छत गळतं, माझ्या डाव्या डोळ्याला आता सुईचं नाक दिसत नाही, अंदाजाने ओवते. हे सगळं खरं. पण ती जागा विकून मी छत नीट केलं, तर त्या छताखाली पडून काय बघू?

मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्या विधवेवर प्रवचन केलं, जिने दानपेटीत आपली शेवटची दोन नाणी टाकली. बोलताना सारखे माझ्याकडे बघत होते. विधवा दिसली की सगळ्यांना तीच आठवते. मला विचारायचं होतं, ती घरी गेल्यावर जेवली का? तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती तुमच्या भावाच्या रंगाच्या डब्यांवरून. आधी "पांढरा", मग "हिरवा", मग "मुलांपासून दूर ठेवा". त्यामुळे हळू वाचते, पण वाचताना काही सोडत नाही. ती पुढे काय जेवली ते कुठेच लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं.

त्या चांगल्या माणसांना माझा सलाम सांगा. दुसरीकडे बघा म्हणावं.

तुमची
वहिनी


११ मार्च

वहिनी,

ते घर रक्कम वाढवायला तयार आहे. तू म्हणशील ती. एवढं कुणी करत नाही. कोण माणसं, काय माणसं ते विचारत बसू नकोस. व्यवहारात नाव शेवटी सांगतात.

तू हट्टीच. दादा म्हणायचा, "हिला समजवण्यापेक्षा भिंतीला दोन हात रंग मारणं सोपं."

मी बरी आहे. इथल्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या बदलल्या.

एक विचारायचं होतं. आईच्या कबरीच्या दगडाला तडा गेला होता तो वाढला का? आणि भिंतीशेजारचा नळ अजून तसाच गळतो? लहानपणी आईला भेटायला गेलो की दादा त्या नळाखाली माझे पाय धुवायचा. उगीच आठवलं.

उत्तर पाठव. या वेळी "नाही" लिहिण्याआधी एकदा माझा विचार कर.

तुझी
नणंद


२ मे

प्रिय वन्सं,

सप्रेम सलाम. उत्तराला उशीर झाला. तुमच्या त्या माणसांना सांगा, आता विषयच संपला. जागा गेली.

मार्चअखेर भिंत गप्प झाली. एक दिवस वाट पाहिली, मग पलीकडे गेले. तोफ लोकांच्या कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये पडली होती. मला बघून म्हणाली, "आलीस? मला वाटलं माझ्या भांड्यांवर डोळा ठेवून बसली असशील." आवाज असा, की मांजर घाबरलं नसतं. तिची छाती कोळशाच्या इस्त्रीने खाल्ली होती. पुढे ती उठली नाही. मी माझा शर्टांचा गठ्ठा तिच्या उशाशी नेऊन बसायची.

तुम्हाला हे माहीत नसेल. तुमचा भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या चादरी रोज तोफ न्यायची. धुवून, इस्त्री करून, पुठ्ठ्यासारख्या कडक आणून द्यायची. पैसे पुढे केले की शिव्या द्यायची.

तिला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती शहराबाहेरच्या सरकारी जमिनीची. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना तिथे नेतात. नाव नाही, नुसती नंबराची पट्टी. जमीन खोलगट आहे. तिचा नवरा तिथेच आहे. त्याला नेलं तेव्हा पाऊस होता, खड्डा पाण्याने भरला आणि पेटी वर तरंगली. शेवटी माणसांनी बांबूने दाबून धरली आणि वरून चिखल लोटला. ते तिने पाहिलं होतं. माझा हात धरून म्हणाली, "जन्मभर पाण्यातच हात होते गं. मेल्यावर तरी कोरडं ठेवा."

ती गेली, आणि सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पाळकसाहेब खाली बघत होते. कमिटीचा माणूस म्हणाला, "नियम आहे, आम्ही तरी काय करणार?" आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्या जागेत ठेवा."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, नीट विचार करा. ती परत मिळणार नाही." विचार केला असता तर मी बोललेच नसते. मी सही केली.

देणाऱ्याला आनंद होतो म्हणतात. वन्सं, मला झाला नाही. आपलाच हात कापून दुसऱ्याला द्यावा तसं वाटलं. रविवारी गेले तर बसायला जागा नव्हती. उभी राहिले. तिच्या ओल्या मातीकडे बघून मला तिचा इतका राग आला की प्रार्थनाच सुचली नाही. वर मी प्रभूला विचारलं, "आता तरी बोलशील?" नळ तेवढा गळत होता. हो, तो अजून गळतो. आईच्या दगडाचा तडा वाढलेला नाही.

सकाळी उठायला आता कारण राहिलेलं नाही. उठते, कारण शिंपी दार वाजवतो.

तुमची
वहिनी


९ मे

वहिनी,

काय केलंस हे! माझ्या दादाच्या शेजारी धुणंवाली निजवलीस? जिने जन्मभर त्याला शिव्या घातल्या तिला? आणि माझ्या आईच्या ओळीत?

मोठं नाव कमावलंस. पाळक आता तुझ्यावर प्रवचन करतील. दानशूर विधवा! घरच्यांच्या ताटातलं काढून गावजेवण घालणारी!

ओळखीचं घर कुठलं नव्हतं. ते घर मीच.

रक्त कमी नाही, रक्तातच आहे ते. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं. यांना सांगितलं तर म्हणाले, चांगल्यात चांगला इलाज करू. मग पुन्हा फोनवर बोलायला लागले. कुणाच्या तरी प्लॉटची मोजणी होती. मला कुठे ठेवणार ते मी विचारलंच नाही. आमच्या जागा विकून त्यांनी कोपऱ्यावरचा गाळा घेतला आहे.

मला आईजवळ जायचं होतं. आई आणि दादाच्या ओळीत. लहान होऊन. बाकी काही नको होतं. माझ्या सगळ्या बांगड्या त्यासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या.

आता लिहू नकोस.


१५ मे

प्रिय वन्सं,

लिहू नकोस म्हणालात, तरी लिहिते.

मागितली असतीत तर दिली असती. एका शब्दावर दिली असती. "वहिनी, मला दादाजवळ जायचंय", एवढंच लिहायचं होतं. तुम्ही घरचं माणूस असून गिऱ्हाईक होऊन आलात. मी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. तुम्हाला कधी म्हटलं होतं?

पण हे लिहून तरी काय उपयोग. दोष कुणाचा हे ठरवून कुणाला माती मिळत नाही. दोन दिवस मी सुई हातात घेतली नाही. तुम्ही पत्रात आईबद्दल विचारत होतात, नळाबद्दल विचारत होतात, आणि मला, जी वाचताना काही सोडत नाही म्हणून फुशारकी मारते तिला, ते दिसलं नाही. आणि आता तोफेला उठवून बाजूला हो म्हणता येत नाही.

मेल्यावरची जागा माझ्याकडे नाही. ना तुम्हाला द्यायला, ना मला. आपल्या दोघींना आता एकच ठिकाण, बांबूवालं. पण वन्सं, जिवंतपणीची थोडी जागा आहे. खाटेची भिंतीकडची बाजू. तुमचा भाऊ तिकडे निजायचा. वर्षभर मी तिकडे कूस बदललेली नाही, शर्टांचा गठ्ठा ठेवते. तो गठ्ठा खाली ठेवता येतो.

छत गळतं, पण खाटेवर नाही. जिना नाही. खिडकी एकच आहे, ती उघडायला उठावं लागत नाही.

यावं.

तुमची
वहिनी


१ जून

वहिनी,

परवा दुपारच्या गाडीने येते. यांना हवापालट म्हणून सांगितलं. "किती दिवस?" म्हणाले. मी म्हटलं, बघू.

तुझ्यावर अजून राग आहे. तो मी तिथे येऊन काढीन. शाल पेटीतून बाहेर काढून ठेव, मला थंडी वाजते.

बांगड्या बरोबर आणते आहे. त्या आईच्या आहेत, यांच्या नाहीत.

तुझी


१२ ऑक्टोबर

वहिनींना सलाम.

दफनाला पोचू शकलो नाही, नोंदणीची तारीख बदलून मिळाली नाही. झालं ते फार वाईट झालं. तुम्ही तिची सेवा केलीत त्याबद्दल आभारी आहे. खर्च झाला असेल तो कळवावा.

कपाट पाहिलं असता तिच्या बांगड्या आढळत नाहीत. त्या तिने तिकडे आणल्या होत्या काय? असल्यास कुठे आहेत ते कळवावं. तसंच तिला शहराबाहेरच्या सरकारी जमिनीत ठेवल्याचं समजलं. आमच्या घराण्याला ते शोभत नाही. रक्कम सांगा, चांगल्या ठिकाणी हलवण्याची व्यवस्था करतो.

आपला,
तुमच्या नणंदेचे यजमान


२० ऑक्टोबर

सप्रेम सलाम.

खर्च काही झाला नाही. बांगड्यांचं विचारलंत ते सांगते. त्या जमिनीत गेल्या. तुमच्या धंद्यातलाच शब्द आहे, म्हणून समजायला सोपं जाईल.

वन्सं आल्या तेव्हा पहिले काही दिवस आम्ही नुसत्या भांडलो. मग एकदा त्या म्हणाल्या, "मला जिथे टाकणार ते दाखव तरी." हातगाडीवर बसवून नेलं. पाऊस पडून गेला होता. सगळीकडे पाणी, पाण्यातून नंबराच्या पट्ट्या वर आलेल्या. मी मनात म्हटलं, आता या कोसळणार. त्यांनी उतारावरून नजर फिरवली. मग नाक उडवून म्हणाल्या, "काय मूर्ख माणसं! उतार पूर्वेला आहे आणि चर पश्चिमेला खणलाय. इथे भराव किती लागेल?"

तुमच्याकडून ऐकून ऐकून त्यांना जमिनीचं सगळं कळत होतं. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

बांगड्या मोडल्या. पाळकसाहेबांनी सरकारी परवानगी आणली. चर पूर्वेला नव्याने खणला, आणि जून, जुलै भरावाच्या मातीचे ट्रक येत राहिले. वन्सं छत्रीखाली खुर्ची टाकून बसायच्या, अंगावर शाल, तोंडाने ट्रकवाल्यांशी घासाघीस. "ही माती आहे की तुझ्या सासऱ्याच्या घरचा चिखल? परत ने!" गल्लीने त्यांचं नाव धाकटी तोफ ठेवलं; थोरली तोफ म्हणजे माझी शेजारीण धुणंवाली, तुमच्या मेहुण्याशेजारी निजली आहे ती. घरी आल्यावर त्यांना धाप लागायची, तोंडातून रक्त यायचं, आणि त्या हसायच्या. मी विचारलं, "कशाला हसता?" म्हणाल्या, "वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा अशी जमीन घेतली जी विकायची नाही."

दुखणं फार वाईट होतं. ते मी तुम्हाला लिहीत नाही. शेवटी शेवटी त्यांना भिंतीकडे तोंड करून निजवावं लागायचं, आणि त्या भिंतीवर हात ठेवून "दादा, दादा" करायच्या. मी प्रार्थना केली. आताही उत्तर आलं नाही. त्या कळवळत गेल्या, आणि मी काही करू शकले नाही. हे खरं आहे आणि ते मी कुठल्याही प्रवचनाने झाकणार नाही.

पण त्यांना कोरड्या मातीत ठेवलं. पेटी खाली गेली ती खालीच राहिली. बांबू लागला नाही. गर्दीत कितीतरी अनोळखी माणसं होती, ज्यांचं कुणी ना कुणी तिथे आहे.

त्यांना हलवू नका. रक्कम सांगा म्हणता, तर रक्कम नाही. त्यांच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी मागून ठेवलेली नाही. तिथे ज्याची वेळ आधी येईल तो निजेल.

तुमच्या मेहुण्याच्या रंगाचे काही डबे खाटेखाली उरले होते. काजं करून वेळ राहिला की मी तिकडे जाते आणि नंबराच्या पट्ट्यांवर नावं लिहिते. लोक येऊन नाव सांगतात, मी काढते. अक्षर वाकडं येतं, पण वाचता येतं. परवा तिथे असताना जोराचा पाऊस आला. मी चराकडे पळाले. पाणी पूर्वेला सरळ वाहून चाललं होतं, एकाही कबरीवर पाणी साचलं नव्हतं. आणि मला, या वयात, भर पावसात, एकटीला हसू आलं. तुमचा मेहुणा गेल्यापासून पहिल्यांदा. तिकडे भिंतीजवळ तोफ त्याच्या कानाशी ओरडत असणार आणि तो खोकत खोकत हसत असणार, असं मनात आलं, आणि त्याचा मला राग आला नाही. घरी येईपर्यंत मी हसतच होते. खोलीत शिरल्यावर खाटेची भिंतीकडची बाजू दिसली, आणि ते थांबलं.

शाल परत पाठवत नाही. ती त्यांच्याबरोबर गेली.

तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या दुपारी कुणी उघडत नसेल. त्या उघडायच्या. त्यांची ती सवय होती.

तुमची
वहिनी